पाय लागला

मंगळवार संध्याकाळ, शुगर लँड

अंग ठणकतंय. आयटीतली नोकरी जाऊन आठ महिने झाले, आज गुरांच्या रँचवर कामाची ट्रायल दिली. कुंपणाच्या तारा ओढल्या, गवताचे गठ्ठे उचलले, सगळं जमलं. मग एका वासराला चुकून पाय लागला आणि सवयीने त्याला हात लावून मी नमस्कार केला. म्हाताऱ्या मालकाने ते पाहिलं. मग म्हणाला, "गुरुवारी कत्तलखान्याचा ट्रक येतो. ही वासरं तुलाच चढवावी लागतील. जमेल?"

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच?

घरी बायकोने, मंजिरीने विचारलं, "मिळालं काम?"

"मिळालं."

ती देवापुढे साखर ठेवायला धावली. ट्रकचं तिला सांगितलंच नाही.

गुरुवारी निदान पाय लागू द्यायचा नाही.