थोरल्या गाडीची पाटी

धाकट्या साडूबुवांस थोरल्या साडूचा साष्टांग नव्हे, परंतु मनापासून नमस्कार.

आपल्या गुडघ्याची सूज उतरल्याचे आपल्या सौभाग्यवतींनी आमच्या सौभाग्यवतींस फोनवर कळविले. दोघी बहिणी तासभर बोलल्या, पैकी गुडघ्याच्या वाट्याला अर्धे मिनिट आले; तरी सविस्तर प्रकृतिमान आपण स्वतः लिहावे. येथे आम्ही उभयता ठीक आहोत. माझा रक्तदाब कालपर्यंत उत्तम होता. (काल काय घडले ते पुढे येईल. पत्र क्रमाने वाचावे. आपणांस शेवट आधी वाचण्याची खोड आहे.)

येत्या रविवारी जुन्या वाहनांचे प्रदर्शन व मिरवणूक आहे आणि तीत एकसष्ट सालची वा त्यापूर्वीचीच वाहने घेतात, हे आपण जाणताच. माझ्या व्हॅनच्या बॉनेटखालील पितळी पाटीवरचा नंबर सहा-एकने सुरू होतो, आपल्या व्हॅनचा सहा-चारने. गेली तीस वर्षे मी हे आपणांस अधूनमधून सांगत आलो. (आपण म्हणता, दर भेटीत. तेही मान्य.) थोरल्या बहिणीच्या घरी थोरली गाडी व धाकटीच्या घरी धाकटी, ही व्यवस्था मला नेहमीच न्यायाची वाटली. शिवाय माझ्या गाडीस चार गिअर आणि आपल्या गाडीस तीनच, यावरून मी आपणांस जे जे बोललो, ते कृपा करून या पत्रापुरते विसरावे.

काल परीक्षणासाठी एक बाई आल्या. वय आपल्या मुलीएवढे. हातात भिंग, विजेरी आणि एक जाड वही. मी सकाळपासून गाडी पुसून, आमच्या लाँड्रीचे नाव पुन्हा रंगवून, इस्त्रीच्या सदऱ्यात दाराशी उभा होतो. बाईंनी नावाकडे पाहिलेसुद्धा नाही. बॉनेट उघडावयास लावले, पाटीवर भिंग धरले आणि विचारले, "आजोबा, ही पाटी कोणी काढली होती का? कारखान्यात रिव्हेट मारतात. इथे स्क्रू आहेत, तेही दोन तऱ्हांचे." मी म्हणालो, गाडी माझ्याकडे आल्यापासून तिला परक्याचा हात लागलेला नाही. (हे वाक्य मी फार तोऱ्यात उच्चारले. त्याचा पश्चात्ताप खाली आहे.) मग त्यांनी पाटीवरील एकेक अक्षर वहीतल्या तक्त्याशी ताडून मोठ्याने वाचले. साल एकसष्ट. येथवर मी मान डोलावत होतो. मूळ रंग राखाडी. त्यांनी सीटखाली नखाएवढा रंग खरवडला, तो आतून निळा निघाला. मी म्हणालो, उन्हाने निळा पडला असेल. "सीटखाली?" एवढेच विचारून त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. पुढचे अक्षर तीन गिअरचे. बाई स्वतः गाडीत बसल्या व गिअर मोजले. तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा चारच भरले. आयुष्यात प्रथमच मला एक गिअर जास्तीचा वाटला.

अखेर त्यांनी मला पुढच्या उजव्या चाकामागे, सांगाड्यावरचा वंगणाचा थर काढावयास लावले. त्याखाली कारखान्याने ठोकलेला नंबर होता: सहा-चार. मी चौथी उत्तीर्ण आहे, आकडे मला नीट वाचता येतात. तरीही चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पाटी खरी आहे, आजोबा. गाडीही खरी आहे. फक्त दोघींची एकमेकींशी ओळख नाही."

माझी गाडी बाद झाली. एकसष्टची, राखाडी, तीन गिअरची गाडी कोठे उभी असेल, हे मला त्यांस सांगणे भाग पडले. जिच्यात आपण कांदे ठेवता, तीच ती.

तीस वर्षांपूर्वी आपण दोघांनी या गाड्या एकाच लिलावातून आणून माझ्या अंगणात रंगविल्या, तेव्हा पाट्या काढून लिंबाने घासल्या होत्या. परत बसविताना कोणाच्या तरी हातून अदलाबदल झाली असावी. मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. आपण त्या दिवशी हजर होता, एवढेच नमूद करतो.

माझा लोभ आहे तसाच आहे. आपला वाढला की घटला, ते उलट टपाली कळवावे.

आपला,
थोरल्या गाडीचा (काल दुपारपर्यंतचा) मालक

ता. क. हे पत्र आमच्या सौभाग्यवतींनी वाचले. त्यांचे म्हणणे असे की, त्या दिवशी पाट्या मीच घासल्या आणि मीच बसविल्या. चष्मा खिडकीत राहिला होता. "अहो थोरले, उलट लावताय," असे आपण दोनदा म्हणालात, तेव्हा स्क्रू धरून गप्प उभे राहा, असे मी आपणांस सुनावले. त्यांची स्मरणशक्ती दुर्दैवाने चांगली आहे.

आणखी ता. क. बाई शुक्रवारी आपल्याकडे येतील. पत्ता मी दिला आहे. कांदे काढून ठेवावेत. मिरवणुकीत चालकाशेजारी एक इसम बसविण्याची मुभा आहे. केवळ नियम म्हणून कळविले.

शेवटचा ता. क. सौभाग्यवती म्हणतात, सरळ लिहा. तर, मला आपल्या शेजारी बसावयाचे आहे. गुरुवारी पाटी घेऊन येतो. या वेळी ती आपण बसवावी. स्क्रू मी धरीन, आणि गप्प उभा राहीन.