दादाने वाचले, उत्तर नाही

६ जून, सोमवार
फॅमिली ग्रुप सोडला. कायमचा.
दुकानाच्या नव्या पाटीचा फोटो टाकला होता. आत्याने फुलं टाकली, मावसभावाने टाळ्या. आणि सख्ख्या थोरल्या भावाने काय लिहावं? पाटी छान, पण 'दृष्टी'मधली 'ष्टी' दीर्घ हवी. चारचौघांत! जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासली म्हणून धाकटा भाऊही प्रूफच वाटतो याला. चष्म्याचं दुकान माझं, पाटी माझी. ऱ्हस्वच राहील.
मला राग आलेला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. ही म्हणाली, एक फोन करून मिटवून टाका. बायकोला तत्त्व समजावण्यात अर्थ नाही.

७ जून, मंगळवार
दादाला खुलासा लेखीच मागायचा. बोललेलं हवेत विरतं. पण साध्या मेसेजमध्ये समोरच्याने वाचला की नाही ते कळत नाही, आणि ग्रुपवाल्या ॲपवर मी पाय ठेवणार नाही.
कन्येने तोडगा सांगितला. फोनमधल्या नेहमीच्या मेसेजमध्येच आता आरसीएस नावाची सोय असते. ती चालू केली की मेसेज इंटरनेटवरून जातो, मोठे फोटो जातात, समोरच्याने वाचलं की 'वाचले' असं दिसतं, कोणी लिहीत असलं की टिंबं नाचतात. फक्त दोघांकडेही चालू हवं. दादाकडे आहे म्हणे. तिनेच आमच्या दिवाणखान्यात बसून लावून दिलं होतं. माझ्याच घरात फितुरी!
ती लावून देते म्हणाली. मी नको म्हटलं. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस मी, एक बटण मला दाबता येणार नाही?

९ जून, गुरुवार
बटण दाबलं. फोन म्हणतो, 'नंबर पडताळत आहे'. परवापासून पडताळतोय. याहून लवकर लोक लग्न जुळवतात.
मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, नवा फोन घ्या. मी म्हटलं, नंबर पडताळायचाय. तो म्हणाला, मग नवं सिमही घ्या. उद्या माझ्याकडे कोणी चष्म्याची काच पुसायला आला तर मीही त्याला नवे डोळे घ्यायला सांगणार.

१० जून, शुक्रवार
लागलं! 'जोडले आहे'. स्वतःच्या हिमतीवर.
(पडताळणी माझ्या दुसऱ्या नंबराची चालली होती. त्याचं सिम दुकानातल्या जुन्या फोनमध्ये होतं. हे कन्येने शोधलं, पण फोन हातात मी धरला होता.)
पहिला मेसेज एका गादीच्या कंपनीचा आला. रंगीत चित्र, खाली बटण, 'आपली झोप आमची जबाबदारी'. काय अदब! मी सविस्तर आभार मानले. लगेच उत्तर आलं, धन्यवाद, पर्याय एक किंवा दोन निवडा. परकी माणसं उत्तर देतात, हे नोंदवून ठेवतो.

१२ जून, रविवार
दादाला लिहिलं : हा मेसेज नव्या पद्धतीचा आहे, मिळाल्यास कळव.
खाली उमटलं : 'वाचले'. उत्तर नाही.
आता बोला!

१३ जून, सोमवार
पाटीचा फोटो पाठवला. मूळ आकारात, खिळेसुद्धा मोजता येतील असा. 'वाचले'. उत्तर नाही. दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. ही म्हणाली, कोर्टात जायचंय का? मी मौन पाळलं. मौनातही एक वजन असतं.

१५ जून, बुधवार
निर्वाणीचं पत्र घेतलंय लिहायला, थेट मेसेजमध्येच. 'आदरणीय दादा' लिहिलं. आदरणीय खोडलं. नुसतं 'दादा' फार प्रेमळ दिसतं म्हणून तेही खोडलं. मग 'दुर्लक्ष'पाशी अडलो. दु ऱ्हस्व की दीर्घ? समोरच्याचं व्याकरण हे जर शस्त्र असेल तर आपण बेसावध राहून चालत नाही. 'उपेक्षा' घातलं.
दुकानात एका गिऱ्हाइकाला तक्ता वाचायला बसवलं होतं. तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचला, मी पत्राच्या पहिल्याच ओळीत. बिचारा पुन्हा वरून वाचू लागला.

१६ जून, गुरुवार
पाठवलं. पडदाभर आहे. 'रक्ताच्या नात्याची उपेक्षा', 'काळजावर उमटलेला लाल शेरा' वगैरे. वाचणाऱ्याला पाझर फुटावा.
'वाचले'.
दगड आहे दगड.

१८ जून, शनिवार
हिला वहिनींचा फोन आला. ही स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत बोलत होती. ते बघणं मला आवडलं नाही.
दादाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आठ तारखेला. ग्रुपवर टाकलं होतं म्हणे, सगळ्यांना कळलं. हिला वाटलं मला माहीत आहे, आणि मी मुद्दाम जात नाही. माझ्याबद्दल घरात असं मत आहे.
दादाला बारीक अक्षर दिसत नाही. वाचायच्या चष्म्याचा नंबर महिन्याने निघेल. मेसेज वहिनी उघडतात, म्हणून 'वाचले'. त्यांना त्यावर लिहिता येत नाही. बुधवारी सकाळभर माझ्या नावाखाली टिंबं नाचत होती. दादा दर थोड्या वेळाने विचारायचा, धाकटा काय म्हणतोय? वहिनी म्हणायच्या, भाऊजी अजून लिहितायत. आपली टिंबं पलीकडेही दिसतात, हे कन्येने स्पष्ट सांगायला हवं होतं.
दवाखान्यातला काळा चष्मा दादाने लावलाच नाही. म्हणाला, भावाचं दुकान आहे, तो आणेल.
दहा दिवस डोळ्यांवर हात धरून अंगणात बसतोय.

१९ जून, रविवार
सकाळीच गेलो. सगळ्यात चांगला काळा चष्मा नेला. कानामागच्या काड्या तिथेच गरम पाण्यात धरून वाकवल्या, नाकावर नीट बसवला. दादा म्हणाला, आता बरं वाटतंय. माझ्याच डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. धूळ फार असते त्यांच्याकडे.
निघत होतो, तेवढ्यात वहिनींनी दादाचा फोन माझ्या हातात दिला. भाऊजी, तुमचा तो लांबलचक मेसेज मी नुसता उघडून ठेवलाय, म्हटलं तुम्हीच वाचून दाखवाल. दादा सरसावून बसला.
वाचला. मोठ्याने. 'काळजावर उमटलेला लाल शेरा' मी शक्य तितका पटकन उरकला, तर दादा म्हणाला, ते परत वाच.
परत वाचलं.
दादाने काळा चष्मा नाकावर नीट सारला. मग म्हणाला, कोणी लिहिलंय रे हे? फारच दुखावलेला दिसतोय बिचारा.
मी म्हटलं, फॉरवर्ड आहे.