पडद्याचे डॉक्टर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार, वहिनींनाही. इकडे सगळे खुशाल. तुझी पाठ काय म्हणते? (दिवसभर लोकांच्या डोळ्यांत वाकून बघणाऱ्याची पाठ दुखायचीच, असं आईचं मत.) पत्रास कारण की, आपल्या विद्यापीठाने नामवंत माजी विद्यार्थ्यांचा सत्कार केला आणि त्यात मीही होतो. हसू नकोस. आपटत-धोपटत का होईना, पदवी मलाही त्यांनीच दिली आहे.

झालं असं, की विद्यापीठातून दुकानात फोन आला. बाईंनी आपलं आडनाव घेतलं आणि विचारलं, तुमचं काम पडद्याचंच ना? आता पडद्यांच्या दुकानात बसून मी नाही कसं म्हणणार? मला वाटलं, ग्रंथालयाला शिवून दिलेले पडदे अजून त्यांच्या लक्षात आहेत. (त्यातला एक तोकडा झाला होता, तो विषय मी काढला नाही.) आई तर हरखूनच गेली. जन्मभर तिने मला 'दादाकडून काहीतरी शीक' एवढंच ऐकवलं. त्या दिवशी मात्र ठेवणीतले कपडे घालून माझ्याआधी दारात उभी. निदान तिच्यासाठी तरी सगळं सुरळीत पार पडावं, असं मला फार वाटत होतं.

समारंभात नेमका रंगमंचाचा पडदा अर्ध्यावर अडकला. मला राहवेना. आईला 'आलोच' म्हणून विंगेत गेलो, शिडीवर चढलो आणि कप्पीतून निसटलेली दोरी बसवत असतानाच माझा पुकारा झाला. नाव नीट ऐकू आलं नाही, 'डॉक्टर' तेवढं आलं. म्हटलं, मानद पदवी दिली असेल. देणाऱ्याचा हात कोण धरणार? हात झटकत स्टेजवर गेलो. माझ्यामुळे हजारोंच्या आयुष्यातला अंधार दूर झाला, असं मानपत्रात होतं. इथे मी जरा चरकलो, कारण माझ्या धंद्यात अंधार करायचे पैसे मिळतात. पण टाळ्या पडत होत्या आणि आई पहिल्या रांगेत डोळे पुसत होती.

चहाच्या वेळी कुलगुरूंनी मला कोपऱ्यात घेतलं. हळूच म्हणाले, डावा पडदा सुटत चाललाय, काय करावं? मी म्हटलं, घाबरू नका, रिंगा बदलू. उजवाही काढून आणा, दोन्ही धुऊन इस्त्री करून देतो, म्हणजे जोडी सारखी दिसेल. ते खुर्चीत बसले ते उठेचनात. घरी येऊन सन्मानचिन्ह वाचलं तेव्हा माझीही तीच गत झाली. त्यावर तुझं नाव आहे.

लोभ आहेच, तो हे वाचूनही टिकावा.

तुझा,
धाकटा

ता. क. : कुलगुरूंना तुझा नंबर दिलाय. त्यांच्या डोळ्याचा पडदा खरंच सुटतोय, आधी त्यांना बघ.

ता. क. २ : मुख्य गोष्ट राहिलीच. सन्मानचिन्ह आईने दर्शनी कपाटात मांडलंय आणि आल्यागेल्याला 'धाकट्याचं' म्हणून दाखवते. (लोक वाचतात, माझ्याकडे बघतात आणि गप्प बसतात.) मोतीबिंदूमुळे तिला अक्षरं दिसत नाहीत. पुढच्या महिन्यात तू तिचं ऑपरेशन ठरवलंयस, ते जरा लांबणीवर टाकता येईल का?

ता. क. ३ : टाकू नकोस. मी मनातल्या मनात लिहीत नाही, पुटपुटत लिहितो, हे विसरलो होतो. आई मागेच उभी होती. म्हणाली, "डोळ्यांवर पडदा आलाय, कानांचे शाबूत आहेत. माईकवर थोरल्याचंच नाव घेतलं होतं." मग रडत कशाला होतीस, असं विचारलं. तर म्हणाली, "तो अडकलेला पडदा कोणी सोडवला, ते तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं." तेव्हा सन्मानचिन्ह तुला मिळायचं नाही, असं तिने कळवायला सांगितलं आहे.