यादीत आणखी तीन नावं

४ नोव्हेंबर
सोमवारी शाळेत नन्स आमचे पांढरे बूट तपासायच्या. म्हणून दर रविवारी अरुणदादा माझे बूट घासून, खडू लावून उन्हात ठेवायचा. मी शेजारी बसून चिंचा खायची. एवढंच. आज नव्या स्मारकाची यादी वाचताना तेच आठवत राहिलं. युद्धात पडलेली बडोद्याची मुलं. दादा त्यात नाही. दोनदा वाचली.

११ नोव्हें.
सयाजीगंजला, स्मारक समितीत. पटेलभाई सज्जन. फाईल दाखवली. "बेन, ए तो साताराना छे."
खरंच. भरतीच्या फॉर्मात बाबांनी कायमचा पत्ता म्हणून मूळ गाव लिहिलेलं! चार पिढ्या इथे बडोद्यात, रावपुऱ्यात, तरी आपल्या लोकांचं मूळ गाव काही सुटत नाही.
म्हटलं, "भाई, सातारा त्यानं एकदाच पाहिला. मुंजीला. तोही बस लागून वाटभर ओकत."
हसले. पण पुरावा आणा म्हणाले.

१४ नोव्हें.
ट्रंक उपसली. शाळेचा दाखला मिळाला, जन्म बडोदे. आणि आघाडीवरून आईला आलेलं शेवटचं पत्र, एकाहत्तरचं. लढाईचं अवाक्षर नाही, मागणी बडोद्याच्या हिरव्या चिवड्याची. 'लीलो चेवडो पाठव. जास्त पाठव, सगळे पळवतात.' पुढचं आज नाही वाचवलं.
दादाचे मित्र जयंतीभाई साक्षीला यायला तयार. फोनवरच भडकले, "अरुण सातारानो? तो पछी हुं लंडननो!"

२० नोव्हें.
मंजूर!! पत्र वाचताना पटेलभाई चेवड्यापाशी थांबले, चष्मा काढला. "आ तो आपणो ज."
मग मीच विचारलं, मूळ गावाचा पत्ता देऊन असे आणखी किती राहिले? जन्मगावावरून पुन्हा चाळलं. आणखी दोघे निघाले. दादा, तू एकटा नाही आलास रे, दोघांना घेऊन आलास.

३० नोव्हें.
नावं कोरून झाली. दादाच्या नावावरून बोट फिरवलं. खोल आहे. आई, झालं गं.
नव्या तिघांतल्या दुसऱ्याची नात सुरतेला सापडली. तिसरा वसंत, एकोणीस वर्षांचा. त्याचं कुणीच सापडत नाही.

२ डिसें.
उद्या अनावरण. ठरवून ठेवते. दादाचं पुष्पचक्र जयंतीभाईंनी वाहायचं. ट्रंकेतलं त्याचं पदक सूनबाईकडे, तीच ते मनापासून पुसते. पत्र माझ्या नातीला, पण तिला मराठी वाचता येईल त्या दिवशी. वसंताचं पुष्पचक्र माझ्या हाती. पुढच्या रांगेत त्याच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवायला सांगितलंय. कुणी आलंच, अगदी शेवटच्या क्षणी, तर चक्र त्यांना द्यायचं. मी मागे सरकेन.