टाकीवरचं झाकण

सिस्टर, तुमच्या नावाचे संडास बांधून पूर्ण झाले. हे वाक्य तुम्हाला खपलं नसतं. तुमच्या वर्गात तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. करंगळी वर केलेली चालायची नाही, उभं राहून इंग्रजीत पूर्ण वाक्यात परवानगी मागायची, आणि वाक्य चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर जीव जायची वेळ येई. पण आता मी निवृत्त बाई आहे, डोंबिवलीत स्वतःच्या घरात बसले आहे आणि मला राग आलेला आहे, तेव्हा शब्द निवडत बसणार नाही.

आम्ही दहावीत असताना तुम्ही ठाणं सोडून टांझानियातल्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला गेलात आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलात. दर नाताळला तुमचं पत्र यायचं. तिथल्या मुली पहाटे उठून पाणी भरतात आणि वर्गात डुलक्या घेतात, तुम्ही लिहायचात. मोठ्या झाल्या की आडोसा नाही म्हणून महिन्यातले काही दिवस येत नाहीत, आणि मग एक दिवस येतच नाहीत. आम्ही ती पत्रं एकमेकींना वाचून दाखवायचो, डोळे पुसायचो आणि आपापल्या कामाला लागायचो. तुम्ही गेल्यावर पत्रं थांबली, डोळे पुसायचं निमित्तही गेलं. मग गेल्या वर्षी माजी विद्यार्थिनींच्या मंडळाला तुमच्या नावाने त्या शाळेसाठी काहीतरी करायचा हुरूप आला.

तिथल्या मुख्याध्यापिका तुमच्याच विद्यार्थिनी. त्यांना काय हवं ते त्यांनी सरळ कळवलं होतं. वर्गांच्या लांबलचक पत्र्यांना पन्हाळी, पावसाचं पाणी साठवायला मोठी टाकी, मुलींना धुवायला एक बंदिस्त न्हाणीघर, आणि खड्ड्याचेच संडास, पण भक्कम, आतून कडी असलेले. आमच्या अध्यक्षबाई तेव्हा वर्गाच्या मॉनिटर होत्या, अजूनही आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, सिस्टरच्या नावाने खड्डे खणून द्यायचे? काहीतरी शोभेल असं नको का? टाइल्स, फ्लश, बेसिनवर आरसे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, फ्लशला पाणी कुठून येणार? "तू ना, विमा कंपनीतून निवृत्त झालीस तरी क्लेम नाकारायला टपलेली असतेस," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि बाकीच्या हसल्या. टाइल्स आणि फ्लश मंजूर झाले. पन्हाळी आणि टाकी पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. मुख्याध्यापिकांनी आभार मानले. देणाऱ्याशी वाद घालायची ऐपत नसली की माणूस आभारच मानतो.

पुढे फोटो आला. पांढरीशुभ्र इमारत, दारांवर निळा रंग, वर पत्र्याची पाटी आणि पाटीवर तुमचं नाव, खाली आमच्या मंडळाचं, तुमच्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरांत. ग्रुपवर हात जोडलेली आणि रडणारी चित्रं ओसंडून वाहू लागली. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत दाव्यांचे फोटो तपासण्यात गेली, आणि त्या कामात एक सवय लागते. दाखवायचं म्हणून जे मध्ये धरलेलं असतं ते सोडायचं आणि नकळत कडेला काय आलंय ते बघायचं. मी फोटो मोठा करून कडेला बघते, तर पिवळे कॅन डोक्यावर घेतलेल्या मुलींची रांग. गणवेशातल्या मुली. फोटोत मागे वर्गाच्या खिडक्या आहेत आणि खिडक्यांतून मुलगे बघताहेत.

मी मुख्याध्यापिकांना फोन लावला. गोड बाई आहेत. ठाण्याच्या शाळेतली विद्यार्थिनी बोलतेय म्हटल्यावर तुमच्या थाटात "चला चला, पटापट" म्हणून दाखवलं, मराठी एवढंच येतं त्यांना. मग म्हणाल्या, "इमारत फार सुंदर आहे, मॅडम. मुली रोज सकाळी तिच्यासाठी पाणी आणतात."

"आधी आणत नव्हत्या?"

"आधी प्यायला आणि हात धुवायला आणायच्या. आता फ्लशलाही लागतं. टेकडीखालच्या झऱ्यावरून."

"आणि मुलगे?"

"मुलगे वर्गात असतात, मॅडम. पाणी भरणं मुलींकडे आहे."

पहिला तास गणिताचा असतो. मोठ्या मुलींचा तो तास जातो. एक सातवीतली मुलगी आहे, गणितात सगळ्यांच्या पुढे. यंदा तिची परीक्षा, त्यात पास झाली तरच पुढची शाळा. तिची आई मुख्याध्यापिकांकडे येऊन गेली होती. ती म्हणाली, पोरीने पाणीच भरायचं असेल तर माझ्या घरचं भरेल, शाळेचं कशाला? मुख्याध्यापिकांनी तिची समजूत घालून पावसाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली होती. त्या बाईचं चुकलंय असं म्हणायला जागाच नव्हती. आम्ही ठाण्यात बसून एका पोरीच्या शाळेच्या आड संडास बांधला होता, आरशासकट.

नौपाड्यात अध्यक्षबाईंकडे बैठक होती. स्टेशनवरून पाच मिनिटांची वाट, पण तेवढाही धीर नव्हता म्हणून मी रिक्षाने गेले. तिथे आधीच सगळ्या जमलेल्या, कॉफी झालेली, आणि विषय काय, तर दुसऱ्या हप्त्यात शाळेला कमान बांधायची की तुमचा अर्धपुतळा बसवायचा. मी फोनवरचं सगळं सांगितलं. आधी पन्हाळी आणि टाकी, म्हटलं, आणि ते फ्लश काढून खड्ड्याचे संडास करा, म्हणजे ओतायला पाणी लागणार नाही. अध्यक्षबाई दुखावल्या. "बांधलेलं तोडायचं? सिस्टरच्या नावाचं? आणि अगं, थोडं पाणी आणलं तर काय होतं? तिकडे सवय असते त्यांना. आपल्या शाळेत नाही का, सगळं किती स्वच्छ असायचं? सिस्टरची ती शिस्त होती."

तेव्हा कोपऱ्यातून एक जण बोलली. तुम्हाला ती आठवेल. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून आलेली, बोर्डिंगमध्ये फुकट राहून शिकलेली. पुढे बँकेत मॅनेजर झाली, आता शहाडला असते, बैठकीला येते आणि सहसा ऐकून जाते. ती शांतपणे म्हणाली, "शिस्त नव्हती गं ती. आम्ही होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे विहिरीवरून पाणी काढून संडासातली पिंपं बोर्डिंगच्या मुली भरायच्या. तुम्ही घरून येण्याआधी. तुम्हाला काय वाटलं, पिंपाला खाली झरा होता?"

मला तिचं सकाळचं रूप दिसायला लागलं. वेण्या ओल्या, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, आणि ती वर्गाच्या दाराबाहेर उभी. उशीर झाला म्हणून तुम्ही तिला बाहेर उभं केलंय. "तुमी रोज लेट येते, लाज नाय?" तुमचं ते बाजारात शिकलेलं मराठी, आणि आम्ही बाकांवर तोंड दाबून हसतोय. अध्यक्षबाई घाईने म्हणाल्या, "पण सिस्टरना कुठे ठाऊक असणार? ते मेट्रनचं काम." ती म्हणाली, "कोणी भरायचं ते सिस्टरच ठरवायच्या. चांगल्या होत्या. मला शिकवलं, ताप आला तेव्हा उशाशी बसल्या. पण त्यांना माहीत होतं." हे तिने न रागावता सांगितलं. तिच्या वाटचा राग मला आला आणि तो अजून गेलेला नाही.

कारण सिस्टर, तुम्ही तीच पहाट, तीच ओझी, वर्गात डुलणारी तीच मुलगी एवढा समुद्र ओलांडून गेल्यावर पाहिलीत आणि पत्रांतून आम्हाला रडवलंत. इथे ती तुमच्या दाराबाहेर उभी होती. तिला पाणी भरायला तुम्ही लावायचं आणि उशीर झाला म्हणून शिक्षाही तुम्हीच करायची, हे एकाच डोक्यात कसं मावत होतं? तिकडे पाहिल्यावर तरी तुम्हाला इकडचं आठवलं का? आठवलं असेल तर एकाही पत्रात एक ओळ का नाही? आम्हाला लिहिलंत, तिला लिहायचं होतं. आमच्या सोसायटीत टँकर अर्धा तास उशिरा आला तर बायका वॉचमनला फैलावर घेतात, त्यात मीही असते. पाणी आपल्या पायांनी चालत येतं असं वाटायची सवय आम्हाला तुमच्या शाळेतच लागली.

शेवटी कमान गेली, पुतळा गेला. अध्यक्षबाईंना पटलं असं नाही, पण त्या पिंपाच्या बोलण्यानंतर कुणाचा हात कमानीसाठी वर जाईना. पावसाच्या तोंडावर पन्हाळी लागली, पक्की टाकी झाली, फ्लशची भांडी निघून खाली खड्डे आले, न्हाणीघराला आतून कडी बसली. टाकी भरल्यावर मुख्याध्यापिकांचा फोन आला. ती सातवीतली मुलगी पहिल्या तासाला वर्गात असते आणि फळ्यावरच्या चुका काढून गणिताच्या मास्तरांना भंडावते. परीक्षेचं माहीत नाही, अजून व्हायची आहे. मग त्या जरा अडखळत म्हणाल्या, "मॅडम, एक सांगायचं होतं. टाकीचं तोंड उघडं होतं, पाला पडायचा, माकडं यायची. झाकण येईपर्यंत आम्ही सिस्टरची पाटी काढून त्यावर ठेवली आहे. अगदी मापात बसली. तुम्ही रागावणार नाही ना?" मी म्हटलं, झाकण मागवू नका.

नाव वरच्या बाजूला आहे की पाण्याकडे, ते मी विचारलं नाही. मंडळाला कळवलेलं नाही. शहाडला मात्र त्याच दिवशी फोन केला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग म्हणाली, "चला, सिस्टर लागल्या एकदाच्या पाण्याच्या कामाला."

हे पत्र मी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. तुमच्या हाताखाली इंग्रजी शिकलेली बाई मी, दोन ओळींत सगळं नीट, सौम्य आणि आदबशीर झालं, म्हणून फाडलं. मराठी तुम्हाला बोलता यायचं मोडकंतोडकं, वाचता यायचं नाही. खरं सांगायचं तर म्हणूनच हे मराठीत लिहिलं. तुम्हाला वाचता आलं असतं तर एवढं तोंड वर करून लिहायचा धीर मला आजही झाला नसता.