बांगड्यांचा आहेर

सोमवार, दिवेलागण

ताडकळसचा बाजार करून बांगड्यांचं दुकान उघडलं, तर गावातली पोरं आली. "मामा, डझनभर हिरव्या द्या. पाणी अडवणाऱ्या साहेबाला उद्याच्या मोर्चात आहेर करायचाय. लय बायल्या हाय!"

सरपंचबाई समोरच बसलेल्या. मी त्यांच्या हातात बांगड्या भरत होतो. "मंग मोर्चापुढं मला कशाला उभं करायलाव रे?" त्या म्हणाल्या.

शत्रूला बांगड्या पाठवणारे राजेही होऊन गेलेच की. पण देवाचं नाव घेऊन जन्मभर ज्या बांगड्या भरल्या, त्यांची शिवी कशी झाली? मला कधी सुचलंच नाही हे. पोरांना विकल्या नाहीत. रागावून गेली.

बाईंनी दुसरा हात पुढं केला. "घट्ट भरा, मामा. उद्या मूठ आवळायचीय."