सुई हलली त्या सकाळबद्दल

बाई, जमीन हादरली की लोकांना धड कुणी काही सांगत नाही, ही तक्रार तुमची होती आणि माझीही आहे. तुम्ही ती वर्गात शांतपणे मांडायचात, मी व्यासपीठावरून गरजून मांडतो. गेल्या आठवड्यात कुहीजवळच्या एका गावात मांडली. तिथे भूकंपाचा हलका धक्का बसला होता, माणसं भेदरलेली होती. मी सांगितलं, भूकंपाआधी पृथ्वीचं चुंबकत्व बिघडतं. कॉलेजात असताना एका सकाळी चुंबकसुई सरकलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि त्याच दुपारी जमीन हलली. सुई शांत आहे असं मी सांगेपर्यंत घरात झोपू नका, असंही बजावलं. टाळ्या थांबेनात.

पुढचं मी गाळलं. कॉलेजमागची ती सुईची खोली. आत जाण्याआधी अंगावरचं लोखंड बाहेर काढून ठेवायचं, किल्ल्या, पट्टा, सगळं. तुम्ही तर केसांतले आकडेही काढून, सुटे केस सावरत आत येता. त्या दुपारच्या धक्क्यानंतर मी वर्गभर ओरडत फिरतोय, "सुईले सकाळीच समजलं होतं!" तुम्ही आम्हा सगळ्यांना खोलीपाशी नेता. "काहून गा, ही सायकल कोणाची?" सकाळी घाईत मीच ती सुईमागच्या भिंतीला बाहेरून टेकवली होती. तुम्ही स्वतः ती ढकलत फाटकापर्यंत नेलीत, आणि आत सुई मुकाट जागेवर आली. मागून कुणीतरी म्हणालं, "यानं तर सायकलवर बसवून भूकंप आणला गा!" सगळे हसले, तुम्हीही. मग म्हणालात, "संबंध असेल, नसेलही. शोधणारे शोधून राहिले. सुई तर सूर्यावरच्या वादळानंही हलते. आज आपल्याले माहीत नाही, एवढंच म्हण."

काल त्या गावातून एका आजीचा फोन आला. "भाऊ, लेक ओली बाळंतीण आहे. तुमचं ऐकून आम्ही अंगणातच झोपून राहिलो. लेकरू थंडीनं काकडून राहिलं. तुमची सुई काय म्हणते? घरात नेऊ का तिले?"

माझ्याकडे कसली सुई, बाई? तरी मी भारदस्त आवाजात म्हणालो, "अजून दोन दिवस थांबा."

"माहीत नाही" एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. स्वतःचीच शिसारी येते. मनीषनगरच्या घरात बसून हे तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही हे जग सोडून गेलात, उत्तर देणार नाही, आणि त्या आजी देतील. दिवस कलला, तिथे खाटा पुन्हा अंगणात येत असतील. बाई, कागद ओढून घ्या माझ्या हातातून, आणि त्या आजींना फोन लावायला लावा.